पडदा कशावर?

2016 सालची गोष्ट. बी.एड. पूर्ण करून आम्ही नुकतेच एका उर्दू माध्यमाच्या शाळेत लागलो होतो. सहामाही परीक्षा आटोपल्यावर आठवीच्या वर्गाला एक मजमून लिहायला दिला: 'मेरा पसंदीदा ड्रामा'. विषय देण्यामागे फार मोठा विचार नव्हता. मधल्या सुट्टीत मुलींच्या तोंडी ड्राम्यांशिवाय दुसरा विषय नसे. त्याच सप्टेंबरात जिओ आले होते आणि ज्या घरात महिन्याला एक रिचार्ज जपून वापरला जाई, तिथे रात्र रात्र यूट्यूब चालू लागले होते. म्हटले, मुलींना जे आवडते त्यावर लिहू द्यावे, निदान चार ओळी जास्त लिहितील.

एका मुलीने 'उडारी' या पाकिस्तानी ड्राम्यावर दीड पान लिहिले. तिसऱ्या बाकावर बसणारी, गुण बेताचे, आवाज कधी न ऐकू येणारी मुलगी. ज्यांनी हा ड्रामा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. झेबो नावाच्या एका लहान मुलीच्या विधवा आईने आधारासाठी दुसरे लग्न केले आहे आणि तो सावत्र बाप त्या मुलीवर अत्याचार करतो. मूल घाबरून गप्प राहते. पुढे बोलते, आई तिच्या पाठीशी उभी राहते, गोष्ट न्यायालयापर्यंत जाते. आमच्या विद्यार्थिनीने कथा नीट लिहिली होती. फक्त शेवटच्या चार ओळींत ती बदलली होती. तिच्या गोष्टीतली मुलगी आईला काहीच सांगत नाही. कारण सांगितले तर अम्मी कुठे जाणार, असे तिने लिहिले होते.

आम्ही काय केले? इमल्याच्या तीन चुकांना लाल पेनने गोल केले, दहापैकी पाच गुण दिले आणि खाली शेरा मारला: "अंजाम ग़लत लिखा है. ड्रामा ध्यान से देखा करो."

जानेवारीपासून ती मुलगी शाळेत आली नाही. फेब्रुवारीत कुणी नातेवाईक येऊन दाखला घेऊन गेले. मग स्टाफरूममध्ये हळू आवाजात कळले की घरातल्याच एका माणसाबद्दल काही बोलले जात होते, म्हणून मुलीला ननिहालला पाठवून दिले. माणूस मात्र होता तिथेच राहिला. आम्ही काही विचारणार तोच वयाने आणि मानाने मोठ्या असलेल्या एका बाजींनी आमचा हात दाबला. "पर्दापोशी करो टीचर, लड़की की ज़िंदगी का सवाल है." आणि आम्ही पर्दापोशी केली. त्या रात्री आम्हाला शांत झोप लागली, कारण आपण एक नेक काम केले असे आम्हाला वाटत होते.

मुलीचे नाव आम्ही लिहिणार नाही. गावाचेही नाही, शाळेचेही नाही. याचे कारण पुढे येईलच. पण त्या दीड पानाने जो प्रश्न आमच्यापुढे टाकला तो गेली कित्येक वर्षे आमच्या मनातून हटलेला नाही. कोवळ्या वयातल्या मुलांची आणि त्यांच्या घरांची खरी दुःखे दाखवणारे टीव्हीवरचे ड्रामे आपल्यात चांगले मानावेत की वाईट? ते झाकायचे ते उघडे करतात, की आपण जे चुकीचे झाकले आहे ते दाखवतात?

या प्रश्नावर आपल्या घरांत दोन मते असतात आणि दोन्ही जोरात मांडली जातात. त्यांच्याकडे वळण्याआधी थोडे मागे जाऊ.

आमची अम्मी चौदा-पंधरा वर्षांची असताना दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाले. 7 जुलै 1984 ते 17 डिसेंबर 1985 असा त्याचा काळ. मोहल्ल्यात एका घरी टीव्ही होता आणि त्या घरच्या दिवाणखान्यात बायका-पोरे दाटीवाटीने बसत. लेखन मनोहर श्याम जोशींचे, दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचे. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकांमधून लोकशिक्षणाचा प्रयोग केला होता, त्यावरून ही कल्पना आपल्याकडे आली. दारू पिणारा बाप बसेसर राम, सगळे निमूट सोसणारी आई भागवंती, नोकरीच्या शोधात हिंडणारा लल्लू, बडकी, सिनेमाच्या मोहात घर सोडणारी मझली, डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहणारी छुटकी, क्रिकेटवेडा नन्हे. अम्मी ही नावे आजही सख्ख्या नातेवाइकांची घ्यावीत तशी घेते.

पण तिला सगळ्यात जास्त आठवतात ते अशोककुमार. प्रत्येक भागाच्या शेवटी ते पडद्यावर येत, समोर बसलेल्या माणसांशी थेट बोलत, आज जे पाहिले त्याबद्दल दोन शहाणपणाचे शब्द सांगत, प्रश्न विचारत. अम्मी सांगते की ते बोलून गेले की टीव्ही बंद होई आणि मग खरी चर्चा सुरू होई. मझलीचे चुकले की आई-बापाचे? बसेसरला कुणी बोलायला हवे होते? घरी परतताना तिची दादी आणि तिची अम्मी रस्ताभर भांडत येत. त्या भांडणात चौदा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा कळले की बाप चुकू शकतो हे मोठ्या माणसांनाही ठाऊक असते.

'हम लोग'ला प्रेक्षकांची सुमारे चार लाख पत्रे आली. त्यावर देश-विदेशातल्या अभ्यासकांनी पुढे संशोधनही केले. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. भागवंतीचे पात्र रंगवताना लिहिणाऱ्यांचा हेतू असा होता की इतके निमूट सोसू नये, हे बायकांना कळावे. पण पाहणाऱ्या कितीतरी स्त्रियांनी भागवंतीलाच आदर्श मानले. बाई असावी तर अशी, असे म्हटले. म्हणजे ड्राम्याने एक सांगितले आणि घराने दुसरेच ऐकले.

हे वाचले तेव्हा आम्हाला आमची विद्यार्थिनी आठवली. तिनेही 'उडारी'तून लिहिणाऱ्यांच्या हेतूपेक्षा वेगळेच काही घेतले होते. ड्राम्याने सांगितले, बोल. तिने ऐकले, बोलल्यावर आई बेघर होते. तिच्या घरात अशोककुमार नव्हते. पाहून झाल्यावर तिच्याशी बोलायला कुणीच नव्हते. ती ते दीड पान घेऊन आमच्याकडे आली आणि आम्ही तिचा इमला तपासला.

आता त्या दोन मतांकडे येऊ. पहिले मत आपल्या बुजुर्गांचे. ते म्हणतात, असले विषय घरात, मुलाबाळांसमोर, बाप-भावांच्या देखत दाखवणे हीच बेशरमी आहे. हया हा ईमानचा भाग आहे. घरातली गोष्ट घरात राहावी. चॅनेलवाल्यांना काय, ते आपल्या लेकींच्या अश्रूंवर साबण आणि तेल विकतात. 'उडारी' 2016 साली हम टीव्हीवर चालू असताना तिथल्या सरकारी नियामक संस्थेने, पेमराने, याच स्वरूपाच्या तक्रारींवरून वाहिनीला नोटीस काढली होती. मालिकेच्या बाजूनेही तिथे पुष्कळ लोक उभे राहिले. लेखिका फरहत इश्तियाक यांची ही कथा, कश्फ फाउंडेशन या संस्थेच्या साहाय्याने उभी राहिलेली. अत्याचाराचे दृश्य न दाखवता केवळ मुलीच्या डोळ्यांतल्या भीतीवर ती चालते, हे ज्यांनी पाहिली त्यांना ठाऊक आहे. तरी विरोध झाला. कारण आक्षेप दृश्याला नव्हता; ती गोष्ट बोलली गेली यालाच होता.

दुसरे मत तरुणांचे. ते म्हणतात, सगळे उघडे करा. झाकण्यामुळेच सडते. ज्याला लाज वाटते त्याने डोळे मिटावेत.

आम्हाला पहिल्या मताची थट्टा करवत नाही. आम्ही त्याच घरांत वाढलो. हया ही खरोखर मोठी गोष्ट आहे, आणि पर्दापोशी त्याहून मोठी. जो दुसऱ्याचे ऐब झाकतो त्याचे ऐब अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, या अर्थाची हदीस आम्ही मदरशात पाठ केली आहे. ज्या समाजात प्रत्येकाची चूक चव्हाट्यावर येते त्या समाजात कुणी सुधारू शकत नाही. पडलेल्या माणसाला पुन्हा उभे राहायला थोडी सावली लागते. शेजाऱ्याच्या मुलाने सिगारेट ओढली, चुलतबहिणीच्या मुलीने कुणाला चिठ्ठी लिहिली, कुणाचा तरी रोजा सुटला, हे गावभर करणाऱ्याला आपल्या दीनने चांगले म्हटलेले नाही आणि माणुसकीही चांगले म्हणत नाही. त्यामुळे ज्या ड्राम्यात पोरवयातल्या चुकांचा तमाशा मांडून टाळ्या घेतल्या जातात, त्यावर बुजुर्ग चिडले तर आम्ही त्यांच्या बाजूने आहोत.

पण झाकायचे ते काय? सगळा प्रश्न इथे आहे. आम्ही आमच्या गरजेपुरते काही आलिमांशी बोललो, काही वाचले. सगळ्यांनी एक फरक सांगितला. माणसाची जी चूक त्याच्या आणि अल्लाहच्या मधली आहे, तिच्यावर पडदा टाकावा. ज्या कृत्याने दुसऱ्यावर जुलूम होतो, आणि उद्या पुन्हा होणार आहे, ते झाकणे ही पर्दापोशी नाही; ती जुलमाला मदत आहे. सूरह निसाच्या 148 व्या आयतीचा आशय असा की वाईट गोष्ट जाहीर बोललेली अल्लाहला आवडत नाही, मात्र ज्याच्यावर जुलूम झाला त्याची गोष्ट वेगळी. हया आणि फिर्याद दोन्ही एकाच आयतीत आहेत. बोलू नका ही शिकवण आहेच. पण मजलूमाला तिच्यातून मोकळे ठेवले आहे. भावाला मदत करा, तो जालिम असो की मजलूम, या प्रसिद्ध हदीसमध्येही जालिमाला मदत म्हणजे त्याचा हात धरणे, असाच खुलासा आहे.

त्या बाजींनी आमचा हात धरला होता. धरायला हवा होता तो हात दुसऱ्याच कुणाचा होता.

नंतर आम्ही देशाचा कायदा वाचला आणि थक्क झालो. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा 2012 सालचा, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू. म्हणजे आमच्या हातात ती वही आली तेव्हा तो चार वर्षे जुना होता. त्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, किंवा घडण्याची भीती वाटते आहे, अशा कोणत्याही माणसाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि त्याच कायद्याचे कलम 23 म्हणते की मुलाचे नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार, ज्यावरून मूल ओळखता येईल असे काहीही प्रसारमाध्यमांनी छापू किंवा दाखवू नये.

ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक सांगते, गुन्हा झाकू नका. दुसरे सांगते, मूल झाका. कायदा लिहिणाऱ्यांनी आयत समोर ठेवून तो लिहिला असे आम्ही म्हणत नाही. पण न्यायाचा विचार नीट केला की माणसे एकाच ठिकाणी येऊन पोचतात, एवढे मात्र खरे.

आपण नेमके याच्या उलट करतो. आमच्या त्या मोहल्ल्यात मुलीचे नाव प्रत्येक नळावर घेतले गेले. ती कशी उठते, कशी बसते, तिच्या अंगावर दुपट्टा नीट असे की नसे, तिचे लग्न आता कसे होणार, यावर महिनाभर चर्चा झाली. त्या माणसाचे नाव कुणी घेतले नाही. तो पुढच्या ईदला नव्या कुर्त्यात लोकांच्या गळाभेटी घेत होता, हे आम्ही स्वतः पाहिले. पडदा होता, नाही असे नाही. तो चुकीच्या माणसावर होता. आणि तो धरून ठेवणाऱ्या हातांत एक हात आमचा होता.

म्हणून ड्राम्यांचा विचार करतानाही आमचे माप आता हेच आहे. हा ड्रामा पडदा कशावरून काढतो आणि कशावर टाकतो? जो मुलाची अब्रू सांभाळून जुलूम दाखवतो, तो हयेच्या विरुद्ध नाही. जो मुलाच्या यातनेचे तुकडे करून प्रत्येक भागाच्या शेवटी लोकांना उत्सुक ठेवतो आणि जुलूम करणाऱ्याला दोन भागांत पश्चात्तापाचे अश्रू ढाळून मोकळा करतो, तो कितीही समाजप्रबोधनाची पाटी लावो, आमच्या मापात बसत नाही.

आता मुलांकडे, म्हणजे मुलग्यांकडे वळू. कारण आतापर्यंत सगळे बोलणे मुलीचे झाले, आणि आपल्यात काळजी म्हटली की ती मुलीचीच असते.

2025 साली आम्ही मुंबईला भावाच्या घरी गेलो असताना 'अ‍ॅडोलेसन्स' ही इंग्लंडची चार भागांची मालिका पाहिली. 13 मार्च 2025 ला ती नेटफ्लिक्सवर आली. जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांनी ती लिहिली; ग्रॅहम यांनीच बापाचे काम केले आहे. मुलाचे काम ओवेन कूपर नावाच्या नवख्या पोराने केले. जेमी नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाला वर्गातल्या केटी नावाच्या मुलीच्या खुनाच्या आरोपावरून पोलीस पहाटे घरातून उचलतात, इथून कथा सुरू होते. खून कुणी केला हे रहस्य फार वेळ ठेवलेले नाही. का केला, हा तिचा प्रश्न आहे. प्रत्येक भाग एका सलग चित्रीकरणात घेतला आहे, त्यामुळे पाहणाऱ्याला मान वळवायलाही जागा मिळत नाही. ब्रिटनमधल्या माध्यमिक शाळांना ती फुकट दाखवण्याची सोय पुढे करण्यात आली.

त्यात एक प्रसंग आहे. तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला मुलांच्या इन्स्टाग्रामवरच्या छोट्या चिन्हांचा अर्थ कळत नाही. त्याचा स्वतःचा मुलगा त्याच शाळेत शिकतो. तो बापाला बाजूला घेऊन सांगतो की तुम्हाला जे मैत्रीचे बोलणे वाटते आहे ती खरे तर चेष्टा आहे. कोणत्या चिन्हाचा, कोणत्या रंगाचा काय अर्थ आहे. बाप अधिकारी, सगळा पुरावा त्याच्या हातात, आणि वाचता येत नाही. आम्ही हा प्रसंग पाहताना पुन्हा त्या वहीपाशी गेलो. आमच्याही हातात पुरावा होता. लिपीही येत होती. तरी वाचता आले नाही.

शेवटच्या भागात जेमीचे आई-बाप आपल्या खोलीत बसून एकमेकांना विचारतात की आपले कुठे चुकले. बापाला लहानपणी त्याच्या बापाने फार मारले होते. मी माझ्या मुलांवर हात उचलणार नाही असे त्याने ठरवले होते आणि पाळलेही. मुलगा रात्री उशिरापर्यंत खोलीत कॉम्प्युटरवर असे. खोलीत आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे त्यांना वाटले. हे घर वाईट नाही. दारू नाही, मारझोड नाही. तुमच्या-आमच्या घरांसारखे कष्टाचे, प्रेमाचे घर आहे.

आपल्या घरांत मुलीच्या बाहेर जाण्यावर नजर असते. ती कुठे गेली, कुणाबरोबर गेली, किती वाजता आली. मुलगा पंधराव्या वर्षी हातात फोन घेऊन गच्चीवर जाऊन बसला तर आई समाधानाने सांगते, "हमारा बच्चा बाहर नहीं भटकता." त्या फोनमध्ये त्याला बायकांबद्दल काय शिकवले जाते, कोण शिकवतो, वर्गातली मुले त्याला कोणत्या नावाने चिडवतात, हे विचारायला आपल्याकडे शब्दच नाहीत. मुलगा रडला तर आपण म्हणतो, लड़कियों की तरह क्या रोता है. मग तो रडणे बंद करतो आणि आपल्याला वाटते तो मोठा झाला. गेल्या वर्षी आमच्याच शाळेत नववीच्या एका मुलाने दुसऱ्याच्या डोक्यात डबा घातला. आम्ही दोघांच्या पालकांना बोलावले, माफी मागवली, प्रकरण मिटवले. असे का झाले हे कुणी विचारले नाही, कारण सगळ्यांना घरी जायची घाई होती. 'अ‍ॅडोलेसन्स' पाहिल्यावर आम्ही त्या मुलाला बोलावून घेतले. पहिले दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वर्गाच्या मोबाइल ग्रुपवर त्याच्या अब्बांच्या भंगाराच्या गाडीचा फोटो टाकून काय काय लिहिले जात होते ते त्याने दाखवले. तोवर चार महिने उलटून गेले होते.

या मालिकेबद्दल एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. सगळे लक्ष मारणाऱ्या मुलावर जाते; मेलेली मुलगी मागे पडते. विशेष म्हणजे मालिकेतली एक पोलीस अधिकारी स्वतःच हे बोलून दाखवते की लोक जेमीला लक्षात ठेवतील, केटीला कुणी ठेवणार नाही. आम्हालाही केटीबद्दल फारसे काही सांगता येत नाही, हे हा लेख लिहिताना जाणवले. चांगला ड्रामासुद्धा कुणावर तरी पडदा टाकतोच. एका घरात दिवा लावताना दुसरे अंधारात राहते. म्हणून एकच मालिका पाहून आपण सगळे समजलो, असे मानणाऱ्याने सावध राहावे.

आणखी एक धोका आहे आणि आमच्या मते तो सगळ्यात मोठा. ड्रामा पाहून आपण रडतो. रडल्यावर बरे वाटते. मन नरम झाले, आपण चांगली माणसे आहोत असे वाटते. आणि तिथेच काम संपते. ज्या बायका 'उडारी'तल्या झेबोसाठी पदराने डोळे पुसत होत्या, त्यांतल्याच काहींनी नळावर आमच्या विद्यार्थिनीच्या दुपट्ट्याचा हिशेब मांडला होता. त्या ढोंगी नव्हत्या. पडद्यावरच्या मुलीसाठी रडायला काही द्यावे लागत नाही. शेजारच्या मुलीसाठी उभे राहायला नाते तोडावे लागते, पोलीस चौकीत जावे लागते, कदाचित घरधन्याशी भांडावे लागते. पहिले अश्रू स्वस्त आहेत. आम्हीही तेच स्वस्त अश्रू ढाळले होते, हे कबूल केल्याशिवाय आम्हाला दुसऱ्याबद्दल बोलण्याचा हक्क नाही.

मग ड्रामे पाहावेत की नाही? पाहावेत. मुलांबरोबर बसून पाहावेत. पण अशोककुमारांची जागा रिकामी ठेवू नये. भाग संपला की टीव्ही किंवा फोन बंद करून घरातल्या कुणीतरी, आईने, अब्बांनी, मोठ्या बहिणीने, मामूने, एक प्रश्न विचारावा. "तू तिच्या जागी असतीस तर कुणाला सांगितले असतेस?" एवढाच. उपदेश नको. मूल जे उत्तर देईल ते ऐकून घ्यावे, आणि उत्तर चुकीचे वाटले तर लगेच दुरुस्त करू नये. चुकीच्या उत्तरातच कधी कधी सगळी गोष्ट असते. आणि ऐकलेले खरे निघाले, तर ते कुठे पोचवायचे हेही आपल्याला ठाऊक हवे. 1996 साली मुंबईत सुरू झालेली 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आता सरकारमार्फत चालते. हा क्रमांक आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे आणि रोज फळा पुसताना तेवढा कोपरा सोडतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आठवीच्या वर्गाला चिठ्ठ्यांवर, नाव न लिहिता, हाच प्रश्न विचारला होता. बहुतेकांनी अम्मी लिहिले. काहींनी बहीण, काहींनी दोस्त. सात-आठ चिठ्ठ्यांवर 'किसी को नहीं' होते. टीचर असे लिहिलेल्या चिठ्ठ्या तीन निघाल्या. पन्नासात तीन. आम्ही त्या तीन चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत आणि त्या 'किसी को नहीं'वाल्याही. त्या मुलांना ओळखण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही. पण त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये न बसता वर्गातच डबा खातो. कधी कुणी जवळ येऊन बसते, कधी कुणी येत नाही.

उर्दूत 'हम' हा एकच शब्द आहे. मराठीत त्याचे दोन होतात, आम्ही आणि आपण. 'आम्ही'मध्ये समोरचा माणूस बाहेर राहतो, 'आपण'मध्ये तो आत येतो. या लेखात आम्ही आमची चूक सांगितली, म्हणून 'आम्ही' लिहिले. ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची नव्हती. पण पडदा कशावर टाकायचा हे ठरवायची वेळ येते तेव्हा ते एकट्या शिक्षकाचे काम राहत नाही, एकट्या आईचेही नाही. ते आपणा सर्वांना ठरवावे लागते.

ती मुलगी आता बावीस-तेवीस वर्षांची असेल. कुठे आहे आम्हाला ठाऊक नाही आणि शोधत जाऊन तिची जुनी जखम उकरायचा आम्हाला हक्क नाही. तिची वही मात्र दाखला नेताना शाळेतच राहिली होती, ती आमच्याजवळ आहे. त्या पानावरचा आमचा लाल शेरा आम्ही खोडलेला नाही. अंजाम चुकीचा लिहिला आहे, असे तिथे लिहिले आहे. तिने लिहिला होता तो अंजाम तिचा नव्हता. तो आम्ही मोठ्यांनी लिहून ठेवलेला होता. तिने फक्त तो नक्कल केला, आणि आम्ही तिचे पाच गुण कापले.